कडू लागलं म्हणाले

४ फेब्रुवारी

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, क्षमा कर. कामाचं निमित्त सांगणार होतो. खरं म्हणजे लिहायला बसलो की एकच गोष्ट पुढे येई, आणि तीत मी बरोबर वागलो की नाही हे ठरेना.

तुला ठाऊकच आहे, आमच्या बसगाड्यांच्या कारखान्यात कामगारांच्या सुरक्षिततेचं खातं माझ्याकडे आहे. तिथल्या रंगखान्यात एक शीख कारागीर आहेत. सगळे त्यांना वीरजी म्हणतात. गाडीच्या कुशीवरची लांब रेघ मारायची तर स्प्रेगन त्यांच्याच हातात देतात. यंदा नवा रंग आला, छातीला वाईट, म्हणून नवे मास्क आले आणि मास्कची परीक्षाही आली. मास्क लावलेल्या माणसाच्या डोक्यावर पिशवी घालायची आणि आत कडू फवारा मारायचा. चव लागली तर मास्क गळतोय असं समजायचं.

दाढीवर मास्कची कड बसत नाही. मुकादमाने वीरजींना आधीच कानात सांगितलं होतं म्हणे, की काही लागलं नाही असं म्हणून मोकळे व्हा, आम्ही सगळे तेच म्हणतो. हे मला मागाहून कळलं. वीरजी मात्र कडू लागलं म्हणाले. मी पुन्हा फवारा मारला, तरी कडूच.

आता एक तर दाढी काढायची, नाहीतर रंगखाना सोडायचा. केस न कापणं हा त्यांच्या धर्माचा भाग, म्हणून पहिली गोष्ट मी तोंडातून काढलीच नाही. त्यांची स्टोअरमध्ये बदली केली. सगळ्यांचा मान राहिला असं वाटलं. तेही ठीक आहे साहेब म्हणाले. आता ते नटबोल्टांचे खोके लावतात आणि मी दिसलो की नमस्कार करतात. तो नमस्कार मला सोसत नाही. महिनाअखेरीस बदली कायम होईल. मी चुकलो का?

भावोजींच्या गुडघ्यांची चौकशी केली म्हणून सांग. रागावलीस तरी लोभाला कात्री लावू नकोस.

तुझा धाकटा


११ फेब्रुवारी

चि. शंकासुरास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. गुडघे कुरकुरताहेत, त्यांचे मालकही.

चुकलास. आता पुढचं वाच. आमच्या इस्पितळात संसर्गाच्या वॉर्डात एक शीख डॉक्टर आहेत. त्यांच्यापुढे कोणी वस्तरा धरला नाही की त्यांना औषधांच्या खोलीत बसवलं नाही. डोक्यावरून खांद्यापर्यंत येणारा सैल टोप असतो, कमरेच्या पंख्यातून गाळलेली हवा त्यात येत राहते. चेहऱ्याला काहीच चिकटावं लागत नाही. तुझा नियम फुप्फुसासाठी आहे, हनुवटीसाठी नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं करून ठेवलंयस.

दुसरं. खरं बोलला त्याला तू हलवलंस. जे खोटं बोलले ते तोच रंग छातीत भरताहेत, त्यांचं काय? इतक्या शंका काढतोस, ही नाही निघाली?

आणि त्या गृहस्थांना तुम्हाला काय हवंय असं विचारलंस का? मान राखायचा म्हणून परस्पर ठरवून टाकायचं, ही आपल्या बाबांची रीत. माझं लग्नही त्यांनी तसंच ठरवलं. ते बरं निघालं, पण हे तुझ्या भावोजींना वाचून दाखवण्यासारखं नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच, ती मागावी लागत नाही.

अक्का


२६ फेब्रुवारी

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझा राग आला. मग स्टोअरमध्ये गेलो आणि वीरजींना विचारलं. ते बराच वेळ खोक्यांवरच्या चिठ्ठ्या सरळ करत राहिले. मग म्हणाले की बदलीचं घरी सांगितलं नव्हतं, पण धुवायच्या कपड्यांवर रंग दिसेना तेव्हा बायकोने ओळखलं. स्टोअरचं काम मला हलकं नाही वाटत, म्हणाले. पण दाढीपायी बापाचं काम गेलं असं मुलांच्या मनात बसलं, तर उद्या पगडी बांधताना त्यांचा हात अडखळेल, तेवढं नको.

मी टोप मागवला. पहिला आला तो पगडीवर अडकला, खालची झालर खांद्यापर्यंत पोचेना. मॅनेजर शेजारीच होते. ते सहज म्हणाले, की आत असेतो पगडी काढून ठेवा, रंगाच्या बंद बूथमध्ये कोण बघतंय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अक्का, मला वाद जमत नाही, तुला माहीत आहे. तरी म्हणालो, की टोप लहान आहे, मोठा मागवू. मॅनेजर म्हणाले, एका माणसासाठी किती करायचं.

तेव्हा मी बाकीच्यांची परीक्षा पुन्हा घेतली. कडू लागलं म्हणेल त्याला रंगखान्यातून हलवणार नाही, हे आधीच सांगितलं. निम्म्यांना कडू लागलं. दाढीचे खुंट वाढवून आलेला मुकादम तर थुंकायलाच धावला. मॅनेजरांनी मग ‘एका माणसासाठी’ हे शब्द पुन्हा काढले नाहीत, कडू लागलेल्या सगळ्यांसाठी टोप मागवायला सांगितले.

वीरजींचा मोठा टोप काल आला. पगडीवरून अलगद उतरला, झालर खांद्यावर बसली. वीरजी बूथमध्ये गेले आणि मी काचेबाहेर उभा राहिलो. सुरुवातीला हात जरा जपून चालला, मग रेघ गाडीच्या शेवटापर्यंत गेली. बाहेर येऊन म्हणाले, की पंखा कानाशी फार गुणगुणतो. आज मॅनेजरांनी बदली रद्द केली. तक्रार एकट्या स्टोअरच्या कारकुनाची आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मागितलेला खोका जागेवर सापडायला लागला होता, आणि तोच माणूस आम्ही पळवला, असं तो म्हणतो.

तुझा राग आला होता हे भावोजींना सांगू नकोस. ते तुझ्या बाजूने बोलतील आणि मग मला दोघांना उत्तरं लिहावी लागतील. आहे तेवढी माया जपून ठेव.

तुझा धाकटा

ता. क. उद्याचं काम: स्टोअरला दुसरा माणूस बघणे.