आडनावाखालची रेघ

४ ऑक्टोबर

यांचं नाव नाहीच.

आज स्वतः ग्रंथालयात जाऊन पाहिलं. कॉम्प्युटरवर आमचं आडनाव टाकलं तर अकरा पुस्तकं आली. त्यात 'जुन्या अर्जांची सूची' आहे — भाग एक, दोन, तीन. पण प्राध्यापकांच्या खाली. आधी त्यांचं पूर्ण नाव, मग त्यांचा तो जाडजूड इतिहास, मग एक रेघ आणि सूचीचा भाग एक, रेघ आणि भाग दोन, रेघ आणि भाग तीन.

कार्डांच्या विभागात जाड चष्म्याची एक मुलगी बसते. तिला विचारलं, ही रेघ कसली? म्हणाली, "काकू, रेघ म्हणजे वरचाच लेखक. तेच नाव पुन्हा पुन्हा कोण लिहिणार? जुन्या कार्डांवर होतं तसंच आम्ही उतरवलंय."

बावीस वर्षांच्या कामाची एक रेघ!

५ ऑक्टोबर

लिहून ठेवते. हल्ली सांगायला लागले की मधलंच विसरते.

हे दप्तरखान्यात नकलनवीस होते. दीड-दोनशे वर्षांपूर्वी लोकांनी सरकारला केलेले अर्ज तिथे खोलीभर पडले होते. त्यांच्या नकला करायच्या, हे यांचं काम. सूची करायला कुणी सांगितलं नव्हतं. ती यांनी आपल्या हौसेनं केली — कोणाचा अर्ज, कोणाविरुद्ध, मागितलं काय, मिळालं काय. प्रत्येक अर्जाची एक चिठ्ठी. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पडताळणी चालायची. मी चिठ्ठी मोठ्यानं वाचायची, स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचा, आणि हे मूळ नकलेवर बोट ठेवून पुढे सरकायचे. माझी शाळा चौथीत सुटली. मी खरी वाचायला शिकले ती त्या टेबलावर, मेलेल्या लोकांची गाऱ्हाणी वाचून.

प्राध्यापक म्हणजे दप्तरखाना आणि ग्रंथालय चालवणाऱ्या संस्थेचे प्रमुख. आडनाव आमचंच, नावाचं पहिलं अक्षरही तेच, नातं काडीचं नाही. संस्थेच्या पुस्तकांवर फक्त आडनाव आणि एक अक्षर छापायची पद्धत. म्हणजे पुस्तक खोटं बोलत नाही. खोटं बोललं ते कार्ड. कार्ड ज्यानं केलं त्याला वाटलं असेल, एवढं मोठं काम म्हणजे मोठ्या माणसाचंच.

आणि चिठ्ठ्या? त्या मीच रद्दीत दिल्या. हे गेल्यावर तिसऱ्या महिन्यात. सात खोकी. कसर लागली होती, घरभर वास सुटला होता. रद्दीवाल्यानं विचारलंही, बाई, सगळं द्यायचं ना? म्हटलं, ने बाबा.

८ ऑक्टोबर

लेकीचा फोन. ती दूरच्या शहरात हाडांची डॉक्टर आहे, बोलायला पाच मिनिटं मिळतात, त्यातली तीन माझ्या गुडघ्यांवर जातात. आज मीच गुडघे बाजूला ठेवले आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा कधी कुणाशी भांडले नाहीत गं. म्हणून सगळे त्यांच्या डोक्यावर पाय देऊन गेले. तू सोडू नकोस, आई." संस्था वाईट नाही, असंही म्हणाली. तिचं शिक्षण संस्थेच्याच शिष्यवृत्तीवर झालं. नीट सांगितलं तर ऐकतील म्हणे.

११ ऑक्टोबर

ग्रंथपालांना भेटले. सभ्य माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, ३१ तारखेला कार्डांची कपाटं निघणार, त्या दिवशी संध्याकाळी पाचला कॉम्प्युटरवरची यादी कायमची पक्की होणार, दुरुस्ती हवी तर त्याआधी आणि पुराव्यानिशी. हस्तलिखित आहे का? नाही. पत्रव्यवहार? नाही. प्रस्तावनेत उल्लेख? सूचीला कोण प्रस्तावना लिहितं!

मी म्हटलं, सूचीतला कुठलाही आकडा सांगा, अर्ज मी सांगते. ते हसले, पण भाग दुसरा मागवला आणि म्हणाले, चारशे बारा.

मी सांगितलं. शिंप्याच्या बायकोचा अर्ज. नवरा बोटीवर गेला, सहा वर्षं खबर नाही, घर आपल्या नावे व्हावं. खालच्या तीन ओळी वाळवीनं खाल्ल्या. निकाल सापडत नाही.

त्यांनी पान पाहिलं. आणखी दोन आकडे विचारले, तेही सांगितले. मग पुस्तक मिटून म्हणाले, "बाई, माझी खात्री पटली. पण माझ्या खात्रीवर यादी बदलत नाही. तुम्ही हे वाचलंय एवढंच यातून सिद्ध होतं."

'निकाल सापडत नाही' — घरात आमचं हे चालायचंच. किल्ली हरवली, मोज्याचा जोड हरवला की हे म्हणायचे, निकाल सापडत नाही. आज बसमध्ये आठवलं.

१५ ऑक्टोबर

दुसरं काही सुचेना म्हणून आमच्या आडनावाची अकराही पुस्तकं वाचायची ठरवली. ग्रंथालयात बसून रोज थोडी. चष्मेवाली म्हणाली, "काकू, एकदम सगळं घराणं काढलंत!" घराणं कसलं? खाणावळीत जागा नाही म्हणून एका टेबलावर बसवलेली परकी माणसं ही. एकानं कलमं बांधण्यावर लिहिलंय, अजून तिसऱ्या प्रकरणात सुरी कशी धरायची तेच सांगतोय. एका बाईंनी कुणाच्या तरी आत्याची पत्रं संपादली आहेत. त्यांच्या तळटिपा मला आवडल्या — पत्रातली आत्या रडली की खाली टीप असते, 'हे खरे नसावे.' एकानं साथीच्या आजारात मेलेल्यांची नोंदवही छापली आहे. तो शेवटी लिहितो, चुका माझ्या आहेत, मृत्यू त्यांचे.

यांना ही संगत आवडली असती.

१९ ऑक्टोबर

प्राध्यापकांचा इतिहास वाचून संपवला. चांगला आहे. मला तो वाईट निघायला हवा होता. दर दुसऱ्या पानावर सूचीचा आकडा आहे, सूची छापायच्या आधीच यांच्या चिठ्ठ्यांवरून घेतलेला; चारशे बाराही आहे. शिंपिणीवर अख्खा परिच्छेद लिहिलाय, आणि कणवेनं लिहिलाय. आता त्यांच्यावरही धड चिडता येत नाही. तेही नाहीत, सहा वर्षं झाली.

२१ ऑक्टोबर

काही नाही. यांच्या खुर्चीवर टॉवेल वाळत घातला आणि मग उचलला.

२४ ऑक्टोबर

टाइपरायटर पुसला. त्याच्यातला र अजून ओळ सोडून वर बसतो. दुरुस्त करणाऱ्याचं दुकानच बंद झालं. हे म्हणायचे, राहू दे, आपल्या घरचा र थोडा चढेलच आहे. संस्थेची पत्रं, ग्रंथालयाचं किरकोळ काम, सगळं यावरच व्हायचं. लेकीला वसतिगृहात पत्र जायचं त्यातही र उड्या मारायचे, मैत्रिणी हसायच्या तिला.

२७ ऑक्टोबर

ग्रंथपालांनी स्वतःहून बोलावलं! म्हणाले, एक वाट आहे. प्रत्येक कार्डामागे ते कधी केलं आणि कोणी केलं याची पेन्सिलीनं नोंद असते. नवख्या माणसानं किंवा बाहेरच्या टाइपिस्टनं केलं असेल, तर 'नोंदणीतील चूक' म्हणून मला माझ्या अधिकारात दुरुस्त करता येईल. तुम्ही एक साधा अर्ज द्या.

म्हणजे आता मी अर्जदार. कोणाचा, कोणाविरुद्ध, मागितलं काय.

पण कार्डं खणात सळईत ओवलेली असतात. चाळता येतात, पण मागची पुसट पेन्सिल वाचायला काढता येत नाहीत. सळई तीस तारखेला काढणार. तोवर थांबायचं. अर्ज मात्र आजच लिहून ठेवला. चार ओळी. मला वाटलं होतं पानं भरतील.

लेकीला कळवलं. "बघ!" म्हणाली.

३० ऑक्टोबर

सकाळी दहालाच गेले. कपाटं उघडी होती, खण जमिनीवर मांडलेले. चष्मेवालीनं आमच्या आडनावाचा खण शोधला, सळई फिरवून बाहेर ओढली. ती चारही कार्डं माझ्या हातात दिली — इतिहासाचं एक, सूचीची तीन. म्हणाली, "घेऊन जा काकू, यांची रद्दीच होणार आहे. अर्जाला जोडा आणि उद्या द्या." मी चष्मा घरी विसरले होते. तिचा लावून पाहिला तर सगळंच धूसर. ती हसली, मीही हसले. कार्डं पर्समध्ये घालून घरी आले.

दुपारी खिडकीपाशी बसून पाहिली.

इतिहासाचं कार्ड जुनं, सरळ अक्षरातलं. सूचीच्या तिन्ही कार्डांवर र वर चढलेला आहे.

टाइपरायटरवर कागद चढवून र मारून पाहिला. उगाचच. मला माहीत होतं.

मागे पेन्सिलीनं तारीख, एकोणीस जून. आणि यांची सही. ती छोटी, शेपूट न ओढता केलेली.

मग पत्र्याचा डबा काढला, लेकीच्या कागदांचा. शिष्यवृत्तीचं पत्र सापडलं. सत्तावीस जून, त्याच वर्षीचं. खाली सही प्राध्यापकांची. वर्षाला मोजक्याच शिष्यवृत्त्या असायच्या आणि त्या ठरवणारे तेच. जूनच्या सुरुवातीला यादी लागली तेव्हा तिचं नाव नव्हतं. तीन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती, पाणीसुद्धा नको म्हणायची. मग महिनाअखेरीस 'दुसरी यादी' लागली. आम्ही म्हटलं, नशीब उघडलं. हे म्हणाले, हो.

ती संध्याकाळ मला आठवते, हेच वाईट आहे. हे टाइपरायटरपुढे बसले होते. तीन कार्डांचं काम आणि तासभर आवाज नाही. मी पानं वाढून दोनदा हाक मारली. म्हणाले, "आलो. एक रेघ राहिलीय."

कोणी कोणाला काय विचारलं, कोणी आधी तोंड उघडलं, ते कुठे लिहिलेलं नाही. प्राध्यापकांनी मागितलं की यांनीच नेऊन ठेवलं? मला तर काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं? बसा, नाव लावा तुमचं, पोरगी शिवणकाम करेल? नसतं म्हटलं. मीच टाइप करा म्हटलं असतं. मग मला का नाही सांगितलं? त्यानंतर वीस वर्षं रोज समोर बसून जेवले.

लोक यांच्या डोक्यावर पाय देऊन गेले नाहीत. यांनीच डोकं खाली धरलं, आणि एकीलाच चढवलं.

३१ ऑक्टोबर

ग्रंथालयात गेले नाही. पाच वाजता यादी पक्की झाली असेल. चारही कार्डं डब्यात, शिष्यवृत्तीच्या पत्राखाली ठेवली. मग वाटलं, मी गेल्यावर डबा तिच्याच हाती पडणार. म्हणून काढली, आणि मोरीत जाळली. अर्जही.

सहाला तिचा फोन. लागलं ना नाव? म्हटलं, नाही गं, माझीच चूक होती. सूची प्राध्यापकांचीच निघाली. कार्ड बघितलं मी, सगळं बरोबर होतं.

ती म्हणाली, "मग बाबांनी बावीस वर्षं केलं तरी काय?"

म्हटलं, "नकला."