विहिरीतला वायू

बाबा, जे बोलू नको म्हणून आमच्या तुकडीच्या साहेबांनी मला बजावलं होतं, तेच आज मी अनसिंगजवळच्या एका गावात, भर ग्रामसभेत बोलले. तुम्ही विहिरी खोदायचात, मी दगडांचं शास्त्र शिकले. कारखान्यांच्या धुराड्यातला कर्बवायू पकडून जमिनीखाली कायमचा मुरवायचे प्रयत्न आता देशभर चाललेत, आणि आपला काळा पाषाण त्याला चालेल का, हे आमची तुकडी बघते. इथे वायू सोडायचा नव्हता. एक खोल बोअर मारून दगडाचे नमुने काढायचे होते. पण गावाचा होकार हवा होता.

साहेब म्हणाले होते, "विहिरीतल्या वायूचा विषय नको, लोक घाबरतात." पुढेच बसलेल्या म्हातारीने पहिला प्रश्न तोच केला. "काहून वं बाई, विहिरीत मानूस गुदमरते, तोच ना हा गॅस?"

आणि मला आपली अर्धवट खोदलेली विहीर दिसते. मी लहान आहे, तळाचा चमकणारा दगड मला हवाय, मी दोराला हात घालते. तुम्ही दंडाला धरून मागे ओढता, पेटता कंदील खाली सोडता. अर्ध्यावर तो विझतो. "दिवा जगत नाही थितं तू जगशीन का? आंदी कंदील, मंग मानूस!" त्या दिवशी कुणीच खाली उतरलं नाही.

"हो मावशी, तोच," मी म्हणाले.

"मंग शयराचा धूर आमच्या पायाखाली कायले?"

"लाइन येत नाही आपल्याकडं, गॅस तरी येऊ दे!" मागून कुणीतरी ओरडलं. सभा हसली. मग मी तुमच्या कंदिलाची गोष्ट सांगितली. पाण्यात मिसळलेला हा वायू अशा खडकात हळूहळू पांढरा दगड होतो, हे सांगितलं. आपल्या खडकात किती होईल ते माहीत नाही, म्हणून आत्ता फक्त बोअर मारून दगड तपासायचाय, हेही सांगितलं.

म्हातारीने मागे वळून सभेतल्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, मग म्हणाली, "म्हंजे तुमी आत्ता नुसता कंदील सोडून राह्यले. सोडा मंग. पन आमच्या विहिरीचं पानी आंदीबी तपासा अन् मंगबी." गावाने तीच अट घातली, साहेबांनी ती मान्य केली. उद्या पाण्याच्या बाटल्या भरायला मीच जाणार आहे.

हे वहीतच राहील, म्हणून लिहिते. ती मागे वळून बघत होती तेव्हा, तिने नाही म्हणावं, असं मला वाटलं होतं. या जबाबदारीतून मी सुटले असते. आता होकार मिळालाय, आणि हे जमावं असं मला इतकं मनापासून वाटतंय की त्याचीच थोडी भीती वाटते; विहिरीच्या तळाचा तो दगडही मला असाच हवा होता.