ब्रिग्ज पहिला नाही

मिलर्सफोर्ड, ओहायो
२४ ऑगस्ट

प्रिय वेन्डल,

तुझी बायको पॅटी तुला हे वाचून दाखवेल. इकडे बरं आहे. आईच्या सफरचंदाला यंदा फळ धरलंय, पण किडकं.

शनिवारी आपला दोस्त हक, त्याच्या गॅरेजमध्ये फॅन्टसी फुटबॉलची निवड आहे. तू विसरला असशील म्हणून पुन्हा सांगतो. आपण मित्रमंडळी पाळीपाळीने खरे खेळाडू निवडून आपापली कागदी टीम करतो. खेळतात ते, गुण आपल्याला. तुझी-माझी टीम एकच, आणि यंदा पहिली पाळी आपली.

पॅटी म्हणाली, तू दिवसभर टायरेल ब्रिग्जचं नाव घेतोस. सगळ्या क्रमवाऱ्यांतही तोच पहिला. हक म्हणाला, "ब्रिग्जला सोडलंस तर तुझ्यासारखा गाढव दुसरा नाही. सोड बाबा, मी टपलोच आहे."

मला विचारशील तर ब्रिग्जला उगाच डोक्यावर चढवलंय. गेल्या वर्षी चेंडू घेऊन गोलरेषा ओलांडून केलेले त्याचे बरेचसे टचडाउन अगदी रेषेच्या तोंडाशी मिळालेले. चेंडू तिथवर दुसऱ्यांनी आणला. त्याला वाट काढून देणारे दोन धिप्पाड गडी टीम सोडून गेले. आणि चेंडू द्यायचा तर त्यालाच, पुन्हा पुन्हा. क्रमवारी लावणारे तो किती यार्ड धावला ते मोजतात. टकरी कोण मोजतो?

हेही चालवून घेतलं असतं. पण डिसेंबरच्या सामन्यात तो डोक्यावर टक्कर खाऊन उठला, हेल्मेट सारखं केलं आणि समोरच्या टीमच्या बाकाकडे चालू लागला. लोक हसले. मी टीव्ही बंद केला.

कॉलेजच्या शेवटच्या मोसमात तूही टक्कर खाऊन असाच त्यांच्या बाकाकडे गेला होतास. घरी आल्यावर म्हणालास, "त्यांच्याकडचं पाणी जास्त गार होतं." बाबा हसून हसून खोकायला लागले होते.

पॅटी, एवढं मोठ्याने वाचू नकोस. परवा मी आलो तेव्हा त्याने मला मेकॅनिक समजून विचारलं, "ब्रेकचं काम कधी होईल?" मी म्हटलं, उद्या. मग बाहेर गाडीत बसून रडलो. यातून परत फिरणं नाही, हे डॉक्टरांनी मलाही सांगितलंय. ब्रिग्जही मोसमभर टिकायचा नाही आणि आम्ही शेवटचे येणार.

तर वेन्डल, शनिवारी मी ब्रिग्जचंच नाव घेतोय. तुला एवढं एकच नाव आठवतं, ते हकला कसं देऊ?

तुझा थोरला भाऊ,
गॅरेट

(नाही आठवलो तर, ब्रेकवाला. उद्या नक्की होईल.)