कुंकू लागलेलं कार्ड

मी, मनोहर दत्तात्रय केळुसकर, वय ७६, राहणार वेस्ट विंडसर, न्यू जर्सी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. गुडघे गेले, कान मात्र लिफ्टच्या मोटरचं दुखणं जिन्यातूनच ओळखायचे तेव्हाइतकेच तिखट आहेत. त्याच कानांवर धंदा उभा केला, आणि त्याच कानांनी परवा चिरंजीव शंतनूला फोनवर बोलताना ऐकलं, "डॅडचं ते एक कार्ड क्लीन करून मिळेल का?" म्हणून ही घाई. वकील याचं इंग्रजी करतील. वाद पडल्यास मराठी खरं. शंतनूला अडलं तर सूनबाई अस्मिता वाचून दाखवील.

१. घर व बँकेतली शिल्लक शंतनूची. माझी पत्नी कै. सुहासिनी हिच्या साड्या अस्मिताच्या. नेसल्या नाहीत तरी वर्षातून एकदा उन्हं दाखवावीत.

२. हत्यारांची पेटी माझ्या हाताखाली तयार झालेल्या प्रसादला. तो अजून आधी मोटर उघडतो, मग ऐकतो. पेटीबरोबर हेही कळवावं.

३. मी जमवलेली, बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंची जुनी कार्डं शंतनूची. खुशाल विकावीत, फक्त संजीव मोघेला नाही. माझ्याच घरी पोहे खात तो माझ्या कार्डांना "काका, रद्दी आहे ही" म्हणाला, आणि न्यायला पिशवी घेऊनच आला होता. पोहे मात्र द्यावेत.

४. रॉय टिबेट्स या कॅचरचं कार्ड वेगळं. माझ्याकडचं सर्वांत कोरंकरकरीत. एका दसऱ्याला सुहासिनीने हत्यारांबरोबर तेही पाटावर मांडलं, पाकिटातून काढून; कारण "प्लॅस्टिकवरून पूजा पोचत नाही." ओल्या अनामिकेने टोपीखाली, बरोबर कपाळावर, कुंकू टेकवलं. शंतनू तेव्हा हायस्कूलमध्ये. "आई, यू रूइन्ड इट," म्हणाला. मी म्हटलं, "अगं, याला क्लबने दोन हंगामांत घरी बसवलं. एवढा मान देणारी तूच पहिली." ती हसली नाही. नंतर प्रत्येक दसऱ्याला तिने कार्डांना लांबूनच हात जोडले.

ती जाऊन तीन वर्षं झाली. भिंगातून पाहिलं तर त्या कुंकवात तिच्या बोटाच्या रेषा दिसतात. इमिग्रेशनवाल्यांकडे तिच्या दहाही बोटांचे ठसे आहेत. माझ्याकडे हा एक.

शंतनू, हे कार्डही तुझंच. पुसू नकोस, कुणाला पुसायला देऊ नकोस. विकावंसं वाटलं तर वीक. मी अडवायला नसेन. फक्त घेणाऱ्याला आधी नीट दाखव. तो 'डाग' म्हणाला, तर देऊ नकोस.

सही: मनोहर द. केळुसकर
वेस्ट विंडसर, १४ सप्टेंबर २०२५

मनोहरकाकांनी हे आम्हाला वाचून दाखवलं, चौथ्या कलमाशी थांबून पाणी प्यायले, आणि आमच्यादेखत सही केली.
साक्षीदार: प्रीता चौबळ, एकनाथ वर्तक (शेजारी)