सौम्याची वाकळ, निपाणीचं घर आणि खोडलेलं कलम चार

॥ ॐ नमः सिद्धेभ्यः ॥

मी, श्रीमती त्रिशला महावीर मगदूम, वय अडुसष्ट, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार निपाणी, सध्या मुक्काम उचगाव, मुलीच्या घरी, हे माझं मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला मुद्दाम काढून सोबत टाचला आहे, कारण माझा मुलगा गोमटेश यानं चार माणसांत "आईचं डोकं फिरलंय" असं सांगितलं आहे. मला राग आलेला आहे, आणि रागावलेल्या बाईनं केलेलं मृत्युपत्र चालतं का, हे मी शेजारचे मारुतीराव यांना विचारून घेतलं आहे. ते पंचायतीत कारकून होते. ते म्हणाले, "चालतंय की. शांत डोक्यानं कोण करतंय?"

कलम १. माझे वारस दोन. थोरली मुलगी ब्राह्मी ओमकार पावशे, राहणार उचगाव, आणि धाकटा मुलगा गोमटेश, राहणार निपाणी.

हे सगळ्यांना ठाऊक असलेलं पहिल्या कलमात लिहायची वेळ का आली, तेही लिहिते. दिवाळीनंतर गोमटेशनं घराचं बक्षीसपत्र माझ्यापुढं सहीला आणलं. कागद कन्नडात. म्हणाला, "तुला काय वाचायचंय त्यात, आई? फुली केलीय तिथं सही कर." लग्न होऊन आल्यापासून मी निपाणीत राहते. लाईटबिल, रेशनची पाटी, बसवरचं गावाचं नाव, सगळं कन्नडातच वाचते. त्या कागदात लिहिलं होतं, लिहून देणारीस एकच अपत्य.

"ब्राह्मी कुठं गेली रं?" मी विचारलं.

"आप्पांनीच तिचं नाव सोडलंय. मी नवीन काय केलं?"

मी सही केली नाही आणि ब्राह्मीकडं उचगावला निघून आले. आप्पा म्हणजे माझे मालक, कै. महावीर. ब्राह्मीनं उचगावच्या ओमकारशी, म्हणजे मराठा शेतकऱ्याच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा मालकांनी बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, ओट्यावर उभं राहून "मला मुलगी न्हाय" म्हणून जाहीर केलं. कमिटीच्या मंडळींनी माना डोलावल्या. मला कुणी विचारलं नाही. ती माझी मुलगी आहे की नाही हे मला विचारायला हवं होतं, बाळंतपण माझं झालं होतं. मान डोलावणाऱ्यांपैकी कुणीही माझ्या पश्चात माझ्या शोकसभेत बोलायला उभं राहू नये. सभेला येऊन बसावं. चटई मिळेल.

कलम २. निपाणीचं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. जागा माझ्या बोरगावच्या वडिलांनी घेऊन दिलेली, बांधकाम माझे दागिने मोडून झालेलं. मालकांनी दाराचा रंग ठरवला. या घराचा अर्धा हिस्सा ब्राह्मीला, कोणत्याही अटीशिवाय. अर्धा गोमटेशला, कलम ४ मधली अट पुरी झाल्यावर.

कलम ३. वरच्या खोलीतली पत्र्याची ट्रंक. हिच्यात माझी जुनेरं, मालकांची धोतरं, मुलांच्या शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे आणि लोकांनी ओटीत घातलेले ब्लाऊज पीस आहेत. यांतलं एकही फडकं मी फुकट घालवलेलं नाही. शिंप्याकडचे तुकडेसुद्धा मी पिशवी नेऊन आणत असे. माझ्या जाऊबाईंनी मला जो जांभळा पीस दिला तो मीच त्यांना त्यांच्या वास्तुशांतीला दिला होता, तोही ट्रंकेत आहे. तो त्यांना परत द्यावा. त्या ओळखतील.

या ट्रंकेत अर्धवट राहिलेल्या वाकळा आहेत. घरात सगळे म्हणतात, आईला कापड साठवायचा नाद, शिवून पुरं करायचं नाव नाही. तर ऐका. वाकळा अर्धवट राहिल्या त्या माझ्या आळसानं नाही, कारण कलम ४ मध्ये येईल.

पर्युषणापूर्वी साफसफाई काढली होती. मी बस्तीत गेले होते. सून श्रद्धानं ट्रंक रिकामी करून सगळं कापड मालुबाई भांडीवालीला दिलं आणि एक कुकर घेतला. मी आले तर ट्रंकेत डांबराच्या गोळ्या तेवढ्या.

"आत्ती, चिंध्या होत्या ओ. झुरळं झालती."

झुरळ एक होतं. मी त्याला सुपलीत घेऊन बाहेर सोडलं होतं, कारण आमच्यात जीव मारत नाहीत. सुनेलाही ते माहेरी शिकवलेलं असणार.

मी तशीच बसस्टँडवर गेले. मालुबाई गाठोडं बांधून कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत बसली होती. मी म्हटलं, कुकर घे, कापड दे. ती म्हणाली, "आक्का, एकदा गाठोडं बांधलं की देव आला तरी सोडत न्हाय मी."

"मग काय घेऊन सोडशील?"

"तुमच्या अंगावरचं न्हाय मागत. घरात रेशमी असंल की."

रेशीम मी अंगाला लावत नाही, किड्यांचा जीव जातो त्यात. पण लग्नाकार्यात मिळालेल्या साड्या पेटीत होत्या. त्यातली मोरपंखी काठांची मालुबाईनं निवडली, उजेडात धरून बघितली, आणि वर "काठाला डाग हाय बघा" असंही म्हणाली. कापड परत आणलं. कुकरही मी ठेवून घेतला. तो श्रद्धाला द्यावा. त्याची शिट्टी नीट वाजत नाही.

ट्रंक आणि तिच्यातलं सगळं कापड ब्राह्मीला. ट्रंक आता माझ्यासोबत उचगावातच आहे. निपाणीहून बेळगाव, बेळगावहून इथं, दोन्ही बसमध्ये मी तिचं वेगळं तिकीट काढलं.

कलम ४. अट. आमच्या घराण्यात वाकळ शिवून झाली तरी तिचा शेवटचा कोपरा उघडा ठेवतात. त्यात भाकरीचा घास घालायचा आणि मग टाके घालून बंद करायचा. वाकळेचं पोट भरलेलं असलं की पांघरणारा उपाशी राहत नाही. घास कडक भाकरीचा, खडखडीत वाळवलेला, म्हणजे किडे होत नाहीत. लहान लेकराच्या वाकळेत हा घास त्याच्या मामानं आपल्या घरून आणून घालायचा असतो. माझ्या आजीच्या आधीपासून असंच आहे.

ब्राह्मीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी वाकळ शिवायला घेतली. पाळण्यात मावेल एवढी. अस्तराला माझं मऊ लुगडं, वर ब्राह्मीच्या शाळेच्या फ्रॉकचे चौकोन. मुलगी झाली, सौम्या नाव ठेवलं, हे मला कासाराच्या बाईकडून कळलं. वाकळ तयार होती, कोपरा उघडा होता. गोमटेशला म्हटलं, घास घाल. तो म्हणाला, "आप्पांना विचार." आप्पा म्हणाले, "त्या घरात आमचा घास जायचा न्हाय."

नातीला मी बघितलं नव्हतं, पण ती वाढत असणार हे मला कळत होतं. म्हणून दरवर्षी वाकळेला चारी बाजूंनी एक पट्टी जोडत गेले. आधी पाळण्याची होती, मग सतरंजीएवढी झाली, मग पलंगाची. कड प्रत्येक वेळी उसवायची, पट्टी लावायची, कोपरा पुन्हा उघडा. मालक वारले. मला वाटलं, आता गोमटेश घास घालील. तो म्हणाला, "आप्पांचा शब्द मी मोडणार न्हाय." आप्पांनी त्याला सिगारेट ओढू नको असाही शब्द घातला होता.

सबब, गोमटेशनं स्वतः उचगावला येऊन, निपाणीच्या घरची भाकरी आणून, सौम्याच्या वाकळेच्या कोपऱ्यात आपल्या हातानं घालावी. त्यानं तसं केलं तरच घराचा अर्धा हिस्सा त्याला मिळेल. न केल्यास तो हिस्साही ब्राह्मीला जावा.

कलम ५. शिवणयंत्र ब्राह्मीला. ते पायाचं आहे, तेल घालत राहावं. जपाची माळ आणि पूजेची चौकी बोरगावच्या बस्तीत द्यावी, निपाणीच्या नको. दाभण, कात्री, दोऱ्याची रिळं मी बाळाबाईंना, म्हणजे ब्राह्मीच्या सासूबाईंना देणार होते. पण त्या साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असं मारुतीराव म्हणाले. तेव्हा ती मी त्यांना आजच, जिवंतपणी, हातात दिली आहेत.

इथपर्यंत लिहून मी बाळाबाईंना वाचून दाखवलं. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण कशावर अंगठा उठवायचा ते त्यांना आधी कळायला पाहिजे होतं. मी दीड महिना त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात वाकळा पसरून बसले आहे. त्या वाटेल तेव्हा समोर येऊन बसतात आणि माझे टाके मोठे पडतात म्हणून सांगतात. कलम ४ ऐकून त्यांनी सुपारी कातरायची थांबवली.

"इहीणबाई, घासाला घर लावलासा व्हय?"

"त्याशिवाय तो यायचा नाही."

"मग आला तर कुणासाठनं आला म्हणायचं? पोरीसाठनं का घरासाठनं?"

"कशासाठी का येईना. कोपरा बंद होईल."

"व्हईल की. आन् पोरगी जलमभर घराची किंमत पांघरून झोपंल. लई ऊब यील बघा तिला."

मला त्यांचा संताप आला. दुपारभर मी त्यांच्याकडं पाठ करून टाके घातले. त्यांनी चहा आणून ठेवला तोही घेतला नाही, आज अष्टमी, माझं एकभुक्त, दिवसातून एकदाच जेवायचं, ते त्यांना माहीत असूनही आणला. मग मी लेखणी घेतली आणि कलम ४ वर आडवी रेघ मारली. वाचता येईल अशीच मारली आहे. माझ्या मुलाला मला विकत आणावं लागत होतं, हे त्यालाही वाचता आलं पाहिजे. रेघेपुढं माझी सही आणि साक्षीदारांच्या खुणा आहेत.

कलम ६. कलम ४ रद्द. घराचा अर्धा हिस्सा गोमटेशला विनाअट द्यावा. त्यानं तो घ्यावा आणि ट्रंक गेल्यावर मोकळ्या झालेल्या वरच्या खोलीत काय करायचं ते करावं.

कलम ७. सौम्याची वाकळ. मामा आला नाही तर घास कुणी घालायचा, हे आमच्यात कुणी सांगून ठेवलेलं नाही. ते मी सांगते. आईच्या आईनं घालावा. आज सूर्यास्ताच्या आत, णमोकार मंत्र म्हणून, माझ्या ताटातल्या कडक भाकरीचा तुकडा मी कोपऱ्यात घातला आणि बंद केला. सौम्यानं सुई ओवून दिली. वाकळ तिच्या पायांच्या खाली वीतभर उरते. पुढं कुणी विचारलं की ही रीत कुठली, तर त्रिशलाबाईंनी सुरू केली म्हणून सांगावं.

कलम ८. ट्रंकेतली एक वाकळ कलम ३ मधून वगळते आणि गोमटेशला देते. ती त्याच्या लग्नासाठी शिवायला घेतली होती. त्याच्या आप्पांच्या धोतरांची आहे, पांढरी, आत सहा थर, उबेला चांगली. ती पुरी आहे, कोपरा तेवढा उघडा आहे. भावाच्या लग्नाच्या वाकळेत बहिणीच्या घरचा घास लागतो, आणि लग्नात बहिणीला बोलावायला मनाई होती. सुई मी तिथंच टोचून ठेवली आहे, दोरा ओवलेला आहे.

ही अट नव्हे. त्यानं उघड्या कोपऱ्याची पांघरली तरी माझी हरकत नाही. बहिणीचं घर उचगावात गणपतीच्या देवळामागं आहे, आणि भाकरी इथं रोज होते.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुणी दुसरा कागद दाखवला, मग तो कोणत्याही भाषेत असो, तर त्यावरची सही माझी समजू नये. वर लिहिलेलं सगळं मी दोनदा वाचलं, शुद्धलेखन तपासलं, आणि एका बैठकीत सही केली.

सही: त्रिशला महावीर मगदूम

साक्षीदार, आम्हां दोघांच्या समोर बाईंनी सही केली व त्यांच्या समोर आम्ही केली:
१. बाळाबाई नागोजी पावशे, उचगाव (डाव्या अंगठ्याची निशाणी)
२. मारुतीराव जोतिबा कदम, उचगाव (सही)

स्थळ: उचगाव, ता. जि. बेळगाव
दिनांक: १२ डिसेंबर २०२५, मार्गशीर्ष वद्य अष्टमी, वीर निर्वाण संवत २५५२