मुकादमाचे पहारेकरी

चिमणे,

तुझी बंदूक मी लपवली आहे, घर उलथंपालथं करू नकोस. खाणीच्या मुकादमाचे लोखंडी पहारेकरी गोळीला भीक घालत नाहीत. पण त्यांना बोलायला मीच शिकवलं, आणि आपल्या बाईंचा, म्हणजे माझा, आवाज आला की ते अजूनही मुकाट रांगेत उभे राहतात. मुकादमाला हे ठाऊक नाही. आज त्यांना एकच धडा देणार आहे: तुझा बाबा ज्या बोगद्यात गुदमरला, त्यातच मुकादमाला उतरवायचं.

दोन्ही सूर्य मावळायच्या आत येते. घुमटाचं दार घट्ट लाव. धाकटीकडून सतराचा पाढा म्हणवून घे. अडखळली तर ओरडू नकोस.

आणि बाबाचं हवेचं रिकामं नळकांडं कोनाड्यात दिसणार नाही. ज्याने ते भरलेलं म्हणून दिलं, त्याच्या पाठीवर बांधायला नेलंय.

आजी