नकाशावरचा माझा ठिपका

ती. आक्कास,

धाकट्या भावाचा, गुडघे परवानगी देतील तेवढा वाकून नमस्कार. (उरलेला तू मनाने पूर्ण करून घे.) तुझी पाठ कशी आहे? फोनवर विचारलं की 'छान आहे' म्हणून तू मोकळी होतेस. लिहून खोटं सांगायला जरा तरी कष्ट पडतात, म्हणून या वेळी पत्रातून विचारतो आहे. माझी तब्येत उत्तम. एक दात हलतो, पण तो बरीच वर्षं हलतो आहे आणि आता आम्हाला एकमेकांची सवय झाली आहे. वाचनालयात रोज जातो. चष्म्याचं दुकान बंद करून इतका काळ लोटला, तरी समोरच्या माणसाच्या चष्म्याची दांडी वाकडी दिसली की माझा हात आपोआप पुढे जातो. हल्ली मी आलेला दिसलो की तिथले लोक चष्मे काढून खिशात ठेवतात आणि पेपर नुसता धरून बसतात.

तर बातमी अशी की तुझा भाऊ सरकारी समितीवर आहे. हसू नकोस. आमच्या नगरपालिकेत प्रत्येक खात्याने माहितीचा आपापला डोंगर रचून ठेवला आहे. पाणी खात्याला कोण किती पाणी वापरतो ते ठाऊक, कचरा खात्याला कोण काय टाकतो ते ठाऊक, दवाखान्याला कोणाला काय होतं ते ठाऊक. यातलं काय सगळ्यांसाठी खुलं करायचं, काय खात्याखात्यांनी आपसात वाटून घ्यायचं आणि काय झाकून ठेवायचं हे ठरवायला समिती नेमली, आणि तिच्यात एक सर्वसामान्य नागरिक हवा असा नियम निघाला. मी नेमका त्या दिवशी वाचनालयाच्या बंद पंख्याची तक्रार घेऊन गेलो होतो आणि बाकावर बसून भिंतीवरच्या सूचना वाचत होतो (मुदत संपलेल्यासुद्धा, त्या बिचाऱ्या कोण वाचणार?). एक साहेब बाहेर आले, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं की आपण कुठल्या पक्षाचे, संघटनेचे, वर्तमानपत्राचे आहात का. मी म्हटलं, मी कोणाचाच नाही. ते इतके खूश झाले की मला दंडाला धरून आत घेऊन गेले. पंखा अजून बंदच आहे.

समितीचे अध्यक्ष फार सज्जन आहेत. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते सगळ्यांचं म्हणणं सारख्याच शांतपणे ऐकून घेतात. व्यापारी मंडळींतर्फे एक गोड बोलणारा तरुण आहे, त्याचं मोबाइलवरून घरपोच सामान पाठवण्याचं काम आहे. आणि पालिकेच्या माहिती विभागाची एक तिशीतली बाई आहे, तिला आम्ही नकाशाबाई म्हणतो, कारण कोणी काहीही विचारलं की ती तोंडाने उत्तर न देता भिंतीवर नकाशा लावते. तिचं खरं काम म्हणजे खात्यांना एकमेकांशी बोलायला लावणं. एका घरातल्या रुसलेल्या जावांना एका पंगतीत बसवणं त्याहून सोपं असावं.

ही सगळी धावपळ कशासाठी, तेही सांगतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे इस्त्रीवाले तुला आठवत असतील, तुझ्या शालीला डाग पाडून वर तुलाच रागावले होते ते. गेल्या उन्हाळ्यात ते घरात पडले आणि पडूनच राहिले. दाराशी दुधाच्या पिशव्या साठल्या तेव्हा शेजाऱ्यांना शंका आली. वाचले, आता लेकीकडे असतात. पण पुढे चौकशीत काय निघालं, तर त्यांच्या घरचा नळ उघडलाच जात नाही हे पाणी खात्याच्या नव्या मीटरने पहिल्याच दिवशी टिपलं होतं. मीटरला कळलं होतं, मीटर वाचणाऱ्या यंत्रालाही कळलं होतं. ते दवाखान्याला कळवायची परवानगी मात्र कोणालाच नव्हती. म्हणजे एक माणूस जमिनीवर पडला आहे हे सरकारच्या एका हाताला ठाऊक आणि दुसरा हात खिशात. हे ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

म्हणून पहिल्याच बैठकीत मी उभा राहिलो आणि भाषण ठोकलं. माहिती जनतेच्या पैशाने गोळा केलेली, ती जनतेचीच, सगळी कपाटं उघडा, सगळं सगळ्यांना दिसू द्या. (वाचनालयात इतकी वर्षं फुकट वाचलेलं त्या दिवशी कामी आलं.) अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, कारण इतर वाजवत होते. गोड तरुणाने तर उठून माझा हात हातात घेतला. त्याच वेळी मला संशय यायला हवा होता.

पुढच्या बैठकीत नकाशाबाईने भिंतीवर आमच्या भागाचा नकाशा लावला. तिने पाण्याची, कचऱ्याची आणि दवाखान्याची माहिती एकत्र करून जिथे एकटं वयस्कर माणूस राहत असावं त्या प्रत्येक घरावर लाल ठिपका दिला होता. मी चष्मा पुसून कौतुकाने बघू लागलो. हे वाचनालय, हा पाण्याच्या टाकीचा चौक, ही आमची गल्ली, आणि हे आमचं छप्पर. आमच्या छपरावर ठिपका. चांगला ठसठशीत, मसुराएवढा. मी विचारलं की हे कशावरून, तर ती नम्रपणे म्हणाली की या घरातलं पाणी एका माणसाला पुरेल त्याहूनही थोडं कमीच आहे. भर सभेत, आक्का! म्हणजे मी एकटा आहे एवढ्यावर न भागता मी आंघोळीची टाळाटाळ करतो हेही भिंतीवर आलं.

तेवढ्यात गोड तरुणाने हा नकाशा सर्वांसाठी खुला करावा असं सुचवलं. त्याला या ठिपक्यांची सेवा करायची होती म्हणे. गाद्या, काठ्या, गुडघ्याचे पट्टे, सगळं घरपोच. मी ताडकन उठलो आणि म्हटलं की हे अजिबात खुलं करायचं नाही, कपाटात घाला आणि किल्ली विहिरीत टाका. उद्या एखादा चोर हाच नकाशा घेऊन फिरला तर त्याला पत्ता विचारायचेही कष्ट नकोत. नकाशाबाईने माझ्याकडे पाहिलं, आणि आक्का, तिच्या आवाजात टोमणा नव्हता म्हणून ते जास्त लागलं. ती म्हणाली, "काका, कपाट बंदच होतं. इस्त्रीवाले पडले तेव्हा."

मी खाली बसलो. त्यानंतर बरेच दिवस हेच डोक्यात घोळत होतं. दुकानात असताना गावातल्या निम्म्या डोळ्यांचे नंबर मला ठाऊक होते. ते मी काच घासणाऱ्या कारागिराला सांगायचो, त्याशिवाय चष्मा होणारच नाही. पण लग्न ठरवायला निघालेल्या मंडळींनी मुलीचा नंबर विचारला की मी दुकानातल्या घड्याळाचा काटा दुरुस्त करायला लागायचो. काच घासणाऱ्याला कळणं वेगळं आणि गल्लीला कळणं वेगळं. मला वाटलं, मोठा शोध लागला. बैठकीत बोलून दाखवला, तर नकाशाबाई म्हणाली की ते बरोबर आहे, पण ज्याचे डोळे आहेत त्याला कोणी विचारायचं? तो प्रश्न मला चाळीस वर्षं दुकान चालवून सुचला नव्हता, हे कबूल करायला हवं.

शेवटी ठरलं ते असं. कुठल्या भागात अशी किती माणसं आहेत तो नुसता आकडा खुला करायचा, कारण त्यावरून फिरत्या नर्सबाई कुठे नेमायच्या ते ठरणार. घराचा ठिपका फक्त दवाखान्याला आणि अग्निशमनवाल्यांना द्यायचा, तोही त्या माणसाने सही केली तरच. नाही म्हणाला तर ठिपका पुसायचा आणि आकड्यातूनही वगळायचा. गोड तरुणाला काहीच मिळालं नाही, पण त्याने जाताना मला गुडघ्याचा पट्टा भेट दिला. (बरा आहे, आत्ता बांधूनच लिहितो आहे.) आणि घरोघरी जाऊन सह्या आणायचं काम सर्वसामान्य नागरिकाच्या गळ्यात पडलं.

पहिल्या घरी निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा मुलगा परदेशात गेल्याला जमाना झाला हे साऱ्या गल्लीला माहीत. मी कागद काढला तर म्हणाल्या, मी एकटी कुठे? मुलगा आत आंघोळीला गेलाय. मी बसलो. चहा झाला. दुसरा चहा झाला. आत बादलीचा आवाज नाही की नळाचा नाही. त्यांना कळत होतं की मला कळतं आहे. निघताना दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या की तुम्ही येऊन गेलात असं त्याला सांगते. पुढे एक ट्रक ड्रायव्हर, आता निवृत्त. त्याच्या दाराशी चपलांचे दोन जोड, एकाच मापाचे, एकाच माणसाच्या पायांनी एकाच बाजूला झिजवलेले. पाहुणे आहेत म्हणाला. अशी घरामागून घरं. कोणाचा भाऊ नुकताच बाहेर पडलेला, कोणाची सून येतच असलेली. रिकामे कागद घेऊन मी कचेरीत परत आलो.

नकाशाबाईने कागद चाळले आणि म्हणाली की हरकत नाही, आधी तुमच्यापासून सुरुवात करू. घरात किती माणसं? आता मी समितीवरचा माणूस, खऱ्या माहितीवर भाषणं ठोकणारा. आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "मोठी बहीण असते माझ्याकडे." तिने विचारलं, मग पाणी इतकं कमी कसं. मी म्हटलं, आक्का फार जपून वापरते. तिने 'दोन' असं लिहिलं आणि माझ्या छपरावरचा ठिपका पुसला. मी सुटल्यासारखा घरी आलो. कोपऱ्यावरून घराकडे पाहिलं तर खिडकीत अंधार, मी निघताना होतं तसंच सगळं.

पुढे काय झालं असेल ते तुझ्या लक्षात आलंच असेल. आमच्या भागात एकटं कोणीही राहत नाही असं सरकारी आकड्यांनी सिद्ध झालं, आणि आमच्या वाट्याच्या नर्सबाई टाकीपलीकडच्या भागाला द्यायचं ठरू लागलं. आम्ही सगळ्यांनी मिळून आपली लाज राखली होती आणि त्या बदल्यात दारावर येणारं माणूस घालवलं होतं.

मध्यंतरी एक लहानसं कारण घडलं (ते पुढे) आणि मी पुन्हा मुख्याध्यापिकांकडे गेलो. कागद न काढता सरळ सांगून टाकलं की बाई, मी घरात एकटाच असतो आणि कचेरीत मोठी बहीण असते म्हणून सांगून आलो. त्यांनी माझ्याकडे, पाढे चुकलेल्या मुलाकडे बघावं तसं पाहिलं. "अहो, मग तिला आंघोळीला तरी पाठवायचं. नुसती घरात बसवून ठेवलीत, तर कोणी बघायला आलं म्हणजे दाखवणार कुठून?" आणि हसायला लागल्या. मीही हसलो. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, चष्मा काढून (दांडी वाकडी होती, मी सरळ करून दिली), आणि म्हणाल्या, आणा तो कागद, लिहा एक. मग त्या स्वतःच माझ्याबरोबर ट्रक ड्रायव्हरकडे आल्या. त्यांच्यापुढे खोटं बोलायची छाती त्याची कुठून होणार? आता आमच्या भागाचा आकडा चांगला फुगला आहे, ठिपके फक्त जिथे जायला हवेत तिथे गेले आहेत, आणि नर्सबाई आम्हालाच मिळणार अशी चिन्हं आहेत. सगळ्यांच्या सह्या झाल्या. एक माझी सोडून.

तर इकडचं हे असं आहे. पाठीला शेक घेत जा. वरच्या फळीवरचे डबे काढायला स्टुलावर चढू नकोस (चढतेस, मला माहीत आहे).

तुझा,
सर्वसामान्य नागरिक

ता. क. : ते लहानसं कारण सांगायचं राहिलं. मी न्हाणीघरात घसरलो. काही मोडलं नाही, उगाच घाबरू नकोस. पण नळ चालू राहिला आणि उठता येईपर्यंत मी खाली पडून बादली भरताना, मग वाहताना बघत होतो. मनात आलं, या घडीला मी इथे आहे हे जगात फक्त मीटरला ठाऊक आहे, आणि त्याला मी सांगून ठेवलं आहे की माझ्याकडे मोठी बहीण असते.

आणखी ता. क. : नकाशाबाईने माझ्या घरासमोरचा 'दोन' हा आकडा अजून पेन्सिलीत ठेवला आहे. खोडून एक करू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं थांबा, आक्काला विचारून सांगतो. या विषयावर आलो की तू फोन ठेवतेस, म्हणून हे सगळं पुराण पत्रातून लिहिलं. मागची खोली झाडून घेतली आहे. तिथला पंखा चालू आहे.

शेवटचं : तुमच्याकडेही असे मीटर बसले आहेत असं वाचनालयात वाचलं. म्हणजे एक दिवस कोणीतरी कागद घेऊन तुझ्या दाराशी येणार, आणि तू काय सांगणार ते मला आत्ताच ऐकू येतं आहे, की भाऊ आत आंघोळीला गेलाय. तेव्हा तुला इकडे यायचं नसेल तर तसं कळव, 'दोन' तिकडे लिहू. मीच येतो. टॉवेल माझा मी आणतो.